न जुळणारा आकडा

हल्ली यंत्रांना आकड्यांच्या ढिगातून न जुळणारा आकडा हुडकायला शिकवतात. आम्हा मास्तरांना यात नवल नाही. एखाद्याचे गुण अचानक घसरले, की आम्ही दोन गोष्टी बघायचो. त्याचे मागचे गुण आणि शेजारच्या बाकांवरच्यांचे गुण. एक तपासणी काळाची, दुसरी जागेची.

आता २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला जेमतेम ७३. जुलैत मुंबईला ७३ चं काही वाटत नाही. जानेवारीत तोच आकडा दचकवेल. हे काळ सांगतो. पण ९४४? असा आकडा सांताक्रूझला पूर्वी कधीच आला नव्हता. कुलाब्याकडे बघणारं यंत्रही म्हणेल, पर्जन्यमापक बिघडलं, आकडा खोडा. पाऊस मात्र खरा होता. शेकडो माणसं गेली.

विहार तलावापाशी त्या दिवशी हजार मिलिमीटरच्या वर नोंद झाली. म्हणजे साक्षीदार होता, फक्त जवळचा शेजारी विचारायला हवा होता. ढग काही सगळ्या शहरावर सारखे रिते होत नाहीत.

म्हणून माझं मत असं, की दोन्ही तपासण्या हव्यात, पर्जन्यमापकंही जवळजवळ हवीत. आणि आकडा जुळला नाही, तर यंत्राने तो खोडू नये. माणसाला हाक मारावी. खोडलेला आकडा कुणालाच सावध करत नाही.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.