आसरा म्हणजे आश्रय नव्हे (धागा)

बीड जिल्ह्यात जुन्या विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड पाहिले नाहीत, असा माणूस विरळाच. त्या साती आसरा. पाण्याचा आसरा देतात म्हणून आसरा, हे स्पष्टीकरण गोड आहे, पण चुकीचे आहे.

संस्कृत 'अप्सरस्'चे प्राकृतात 'अच्छरा' झाले आणि मराठीत 'आसरा'. मत्स्य, मच्छ, मासा. वत्स, वच्छ, वासरू: वाट तीच. यास्काने निरुक्तात या शब्दाची फोड 'अप्सारिणी', म्हणजे पाण्यात संचार करणारी, अशी केली आहे. इंद्राच्या दरबारातील अप्सरा हे पाणी केव्हाच विसरली. विहिरीवरची आसरा विसरली नाही.

मित्रहो, म्हणूनच आसरांना 'आपल्याकडच्या निम्फ' म्हणणे मला खटकते. ग्रीक 'निम्फे' म्हणजे नववधू, लग्नाच्या वयाची तरुणी. 'नेरीड' म्हणजे नेरेउसच्या कन्या, 'डॅनाइड' म्हणजे डॅनाउसच्या. समूह स्त्रियांचा, पण ओळख वराची नाहीतर पित्याची. तुलना करायचीच तर 'नायड'शी करावी. ते नाव 'वाहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडले जाते.

याउलट आपल्या कृत्तिका पाहा. त्याच तारकापुंजाला ग्रीकांनी अॅटलासच्या मुली मानले. आपल्याकडे त्या माता झाल्या आणि त्यांच्यावरून पुत्राचे नाव पडले कार्तिकेय. काही ठिकाणी आसरांच्या शेजारी म्हसोबा असतो, तोही 'आसरांचा भाऊ' म्हणून.

यावरून आपले पूर्वज स्त्रीला अधिक मान देत होते, असा निष्कर्ष कृपया काढू नका. ऋषींचे तप मोडायला पाठवल्या जात त्या अप्सराच, आणि त्यांना त्यांची इच्छा कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही. नावाची व्युत्पत्ती आणि स्त्रीचे स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा आग्रह एवढाच, की परक्या शब्दाचे लेबल लावताना त्या शब्दातले नातेही आपण नकळत आयात करतो. पाण्यावरून नाव मिळालेल्या आसरेला 'निम्फ' म्हटले, की ती कुणाची तरी नवरी होते.

आपली अंबाजोगाईच घ्या. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. वधू होता होता राहिलेल्या या कुमारिकेला लोकांनी हाक मारली ती 'जोगाई' अशी. त्यातले शेवटचे अक्षर-युग्म 'आई' आहे.