आडनाव न विचारणारा क्लब

गेल्या रविवारी लालबागच्या एका चाळीत आमचे जाणे झाले. घरची मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. चहा पुढे करीत आई म्हणाली, "दादा, तुम्हीच समजवा हिला. कॉलेजात रेडिओ क्लब आहे, त्यात नाव घालायचंय म्हणते. रेडिओ ऐकायला क्लब कशाला लागतो?" वडिलांची काळजी वेगळी. पैसे किती लागतील, आणि पुढे पोलिसांचे लफडे तर नाही ना? मुलगी मात्र हळूच म्हणाली, "काका, तिथं सगळी मोठ्या घरची मुलं. मला जमेल का?"

हे प्रश्न आपल्या इतर घरांतही पडत असतील, म्हणून आज त्याविषयीच लिहीत आहोत.

हा गाणी ऐकण्याचा रेडिओ नव्हे, बोलण्याचा रेडिओ आहे. आपल्या यंत्रावरून संदेश पाठवायचा आणि दूरच्या माणसाचा घ्यायचा. मध्ये टेलिफोन कंपनीची गरज नाही. अशा हौशी लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात.

पोलिसांची भीती परवाना नसेल तर. परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. १२ वर्षांचे मूलही तिला बसू शकते. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम एवढा अभ्यास. वरच्या श्रेणीसाठी मोर्स, म्हणजे जुन्या तारऑफिसातली कडकट्टची भाषाही यावी लागते. अर्जाचे सध्याचे नियम क्लबात विचारून घ्यावेत. परवाना हाती येईपर्यंत स्वतःचे यंत्र लावून बोलायचे नाही.

पैशाचे म्हणाल, तर क्लब हवा तो त्यासाठीच. चांगले यंत्र हजारोंच्या घरात जाते. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे साधे एरियल म्हणजे सुमारे २० मीटर तार. चाळीच्या गच्चीवर ती कोण ताणू देणार? कॉलेजच्या गच्चीवर एकच तार, खाली एकच यंत्र आणि शिकणारे अनेक. जे एकट्याला परवडत नाही ते दहाजणांत मिळते.

याचा उपयोग काय? २६ जुलै २००५ च्या पुरात फोन कसे बंद पडले, हे लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको. त्याआधी २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद ही हॅम महिला आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरलाच होती. फोन तुटले, पण त्यांच्या रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांचा बिनतारी क्लब १९०८ साली निघाला. त्याच विद्यापीठात शिकत असताना एडविन आर्मस्ट्राँगने १९१२ मध्ये अगदी क्षीण संदेश कित्येक पटींनी मोठा करणारी जोडणी शोधली. पुढे एफ.एम. पद्धतही त्यानेच शोधली. १९१३ ला तो पदवीधर झाला आणि त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले. विद्यापीठ म्हणजे नुसते वर्ग आणि परीक्षा नव्हेत. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्लब या सगळ्यांवर तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा सारखाच हक्क असतो. आपली मुले वर्गात पोहोचली, पण वर्ग सुटल्यावर थेट स्टेशन गाठतात. उरलेले शिक्षण तिथेच सुटते.

आणि हवेतली एक रीत आम्हाला फार आवडली. हॅम 'सीक्यू' अशी हाक देतो. जो ऐकेल त्याने उत्तर द्यावे, एवढाच तिचा अर्थ. उत्तर देणारा आधी आपले सांकेतिक नाव सांगतो. भारतातल्या हॅमचे ते बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. आडनाव, वस्ती, बापाचा धंदा कोणी विचारत नाही. आवाज स्वच्छ हवा आणि शिस्त हवी, बस्स.

मुलीने सोमवारी नाव घातले. पालकांना आमचे सांगणे एवढेच : क्लबामुळे संध्याकाळी घरी यायला उशीर होईल. दारात "उशीर का?" विचारण्याआधी "आज कुठला आवाज ऐकलास?" एवढे विचारा.