तांब्याच्या वेळी चुकलो, फायबरच्या वेळी नको

2004 साली दिल्लीत एक निर्णय घ्यायचा राहून गेला. त्याची किंमत माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरसारखी गावं आजही मोजत आहेत. त्या वर्षी एप्रिलमध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने सरकारला शिफारस केली होती की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तांब्याच्या तारा इतर ब्रॉडबँड कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. देशात तेव्हा अशा जोडण्या चार कोटींच्या आसपास होत्या, आणि एक्स्चेंजपासून घरापर्यंतची ती तार सार्वजनिक पैशातून टाकलेली होती. फोन सरकारी कंपनीचा राहील, इंटरनेट मात्र जो चांगलं आणि स्वस्त देईल त्याच्याकडून ग्राहकाने घ्यावं, असा विचार होता. ऑक्टोबरमध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं, तेव्हा त्यातून तारा देण्याची सक्ती गळाली होती. तारांचं काय करायचं ते कंपन्यांनी आपसांत ठरवावं, एवढंच त्यात उरलं. ज्याच्या ताब्यात तार आहे, तो ती आपखुशीने प्रतिस्पर्ध्याला कशाला देईल?

त्याच धोरणाने 2010 पर्यंत 2 कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. 2010 अखेर ते 1 कोटी 10 लाखांच्या घरातच होते, आणि ब्रॉडबँड म्हणजे तरी किती, तर 256 केबीपीएस. जपानने एनटीटी या तिथल्या जुन्या फोन कंपनीला तारा खुल्या करायला लावल्या होत्या. तिथे याच तांब्यावरून याहू बीबी या प्रतिस्पर्धी सेवेने 2001 मध्ये 8 एमबीपीएसची सेवा सुरू केली आणि बाजारातले दर खाली आणले. ब्रिटनमध्ये 2006 साली बीटी या फोन कंपनीला तारांचा कारभार ओपनरीच नावाच्या वेगळ्या विभागाकडे सोपवावा लागला. बीटीची स्वतःची विक्री शाखा असो की बाहेरची कंपनी, तार एकाच दराने आणि एकाच नियमाने द्यायची, असं बंधन त्यावर आलं. अमेरिकाही 1996 च्या कायद्याने याच वाटेने निघाली होती. ती 2003 ते 2005 या काळात मागे फिरली आणि तिथल्या पुष्कळ कुटुंबांपुढे एक फोन कंपनी आणि एक केबल कंपनी एवढीच निवड शिल्लक राहिली.

आपल्याकडच्या विरोधात तथ्य नव्हतं असं नाही. तोट्यातली खेडी सरकारी कंपनीने सांभाळायची आणि शहरातलं लोणी खासगी कंपन्यांनी खायचं, ही भीती खरी होती. वाडीवस्तीवर फोन नेण्याचा खर्च बिलातून निघत नव्हता. पण त्यावर तोडगा काढायचा तो भाड्याच्या दरातून काढायला हवा होता. तारच अडवून धरल्याने कोणाचं भलं झालं?

वेळापूरसारख्या उसाच्या पट्ट्यात पुष्कळ घरं रानात असतात. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटर तार ओढत न्यावी लागते आणि अंतर वाढेल तसा तांब्यावरचा वेग घसरतो. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरतं, पिलरचं दार मोडून पडतं, रस्ता रुंद करणारा जेसीबी केबल उपटून टाकतो. दुरुस्तीला यायचा तो लाइनमन 2020 च्या जानेवारीअखेर घरी गेला. त्या एका दिवसात 78 हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बीएसएनएलमधून बाहेर पडले. पुढे ऑगस्ट 2022 मध्ये लँडलाइनच्या संख्येत जिओने बीएसएनएलला मागे टाकलं. हे जॉइंट कोरडे ठेवण्यापुरता पैसा भाड्यातून उभा राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं. राखायच्या म्हणून ज्या तारा कोणाला दिल्या नाहीत, त्या मातीत कुजल्या.

आता गावाचा सगळा भार मोबाइलवर आहे. ई-पीक पाहणी बांधावर उभं राहून करायची, पीक विमा, सातबारा, मुलांचे प्रवेश अर्ज, सगळं मोबाइलवरच. आषाढीला माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते, तेव्हा एवढ्या गर्दीत टॉवर कोलमडतात आणि हवेतल्या जोडणीची मर्यादा उघडी पडते. खासगीत मुख्य कंपन्या दोन-तीनच. जुलै 2024 मध्ये जिओ आणि एअरटेल यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा गावकऱ्याने जायचं कुठे?

म्हणून भारतनेट या सरकारी फायबर योजनेकडे डोळे उघडे ठेवून बघायला हवं. 2011 साली मंजूर झालेल्या या योजनेचा पायाच असा होता की अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सरकार फायबर नेईल आणि ती कोणत्याही कंपनीला भेदभाव न करता वापरता येईल. त्यासाठी ग्राहकांना काहीही न विकणारी बीबीएनएल ही वेगळी कंपनी काढली होती. जुलै 2022 मध्ये मंत्रिमंडळाने तीच बीएसएनएलमध्ये विलीन करायला मंजुरी दिली. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुमारे 1 लाख 39 हजार कोटींच्या सुधारित योजनेची व्यवस्थापन यंत्रणाही बीएसएनएलच आहे. म्हणजे घाऊक फायबर देणारा आणि घरोघरी जोडणी विकणारा पुन्हा एकच झाला. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत आहे त्याच्याच हाती पाळीपत्रक दिलं, तर टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं, हे नीरा उजव्या कालव्यावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बीएसएनएल सरकारी आहे म्हणून हा धोका कमी होत नाही, आणि उद्या तिच्या जागी एखादी बडी खासगी कंपनी आली तर तो वाढेलच. गावातल्या केबलवाल्याकडे खांब आहेत, माणसं आहेत, कोणाचं घर कुठल्या बोळात आहे हेही त्याला ठाऊक असतं. आज तो भागीदार म्हणून बीएसएनएलची जोडणी विकू शकतो. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबर जाहीर दराने भाड्याने घेऊन स्वतःची सेवा देणं त्याला जमलं, तर चढाओढ वेळापूरच्या पेठेतच सुरू होईल. त्यासाठी घाऊक आणि किरकोळ व्यवहारांचे हिशेब वेगळे हवेत, दरपत्रक सर्वांना दिसेल असं हवं, आणि अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा त्याला मुदत हवी. ट्रायचं लक्षही केवळ मोबाइलच्या दरांवर राहून चालणार नाही.

सुधारित योजनेच्या कंत्राटांत उभारणीनंतर दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. फायबर दुसऱ्यांना कशी द्यायची याच्या अटी आत्ता नीट बांधल्या नाहीत, तर त्या बदलायची पुढची संधी येईपर्यंत आज पहिलीत बसलेलं मूल कॉलेजात पोचलेलं असेल.