बांध मातीचा कीं वाळ्याचा?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे ओढ्याचें पाणी गढूळ होतें. तो गढूळपणा म्हणजे आपल्याच शेताची माती होय. एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर थर वाहून गेला, तर सुमारें ५ टन माती गेली असें समजावें. ही हानि एका वर्षांत डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच ती अधिक घातक.

मातीचे बांध हा यावरील उपाय आपणांस परिचित आहे. मुंबई इलाख्यांत १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर समपातळी बांधांचें काम मोठ्या प्रमाणावर झालें व अनेक ठिकाणीं त्याचा उपयोगहि झाला. परंतु भारी काळ्या जमिनींत उन्हाळ्यांत बांधास भेगा पडतात. पावसाळ्यांत वरच्या अंगास पाणी तुंबून पीक पिवळें पडतें. आणि एके ठिकाणीं बांध फुटला कीं तेथें घळ पडते. अशा जमिनींत पाणी अडवून धरण्यापेक्षां त्याचा वेग मोडणें अधिक श्रेयस्कर, आणि तें काम वाळ्याची गच्च ओळ उत्तम करिते, असें आमचें मत आहे.

कर्नाटकांत गुंडलुपेटकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या कडेस वाळा राखीत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या ग्रीनफील्ड व ग्रिमशॉ यांनीं समपातळीवर वाळा लावण्याचा पुरस्कार केला. ओळींतून पाणी सावकाश पाझरून सारखें पसरतें, गाळ मागें राहतो, आणि कांहीं वर्षांनीं तेथें आपोआप पायरी तयार होते. मुळें सरळ खालीं ३ मीटरपर्यंत जातात. जून पात्यास गुरें सहसा तोंड लावीत नाहींत.

यांत जमीन फुकट जाते, असा आक्षेप येईल. शेंकडा २ उतारावर दर ५० मीटरांस अर्धा मीटर रुंद ओळ धरिली, तर एकरीं अर्ध्या गुंठ्याहूनहि कमी जागा लागते. बांध कोरून मिळविलेल्या तासापेक्षां हा सौदा खचित फायद्याचा आहे.

मात्र दोन पथ्यें पाळावींत. पावसाच्या आरंभीं ठोंब अर्ध्या वितीच्या अंतरानें लावून पुढील दोन वर्षें नांग्या भराव्या. एक खिंड राहिली तरी सारें पाणी तेथूनच धांव घेतें. दुसरें, मुळांस बाजारांत भाव आहे म्हणून ओळ कधींहि खणूं नये.

पाणी सर्व्हे नंबर ओळखीत नाहीं. म्हणून शेतकरी बंधूंनीं यंदा विहिरीजवळ गुंठाभर वाळा वाढवावा, आणि पुढील मृगापूर्वीं शेजाऱ्यासह बसून एकच रेषा आंखावी.