जपले तिबेटने, वाचावे भारताने

इ. स. १०४२ मध्ये साठीला टेकलेले एक भारतीय आचार्य हिमालय ओलांडून पश्चिम तिबेटातील गुगे राज्यात पोहोचले. ते आचार्य म्हणजे दीपंकर श्रीज्ञान. तिबेटी जनांचे ‘अतिश’. ९८२ मध्ये, आज बांगलादेशात असलेल्या विक्रमपूर परिसरात त्यांचा जन्म झाला. तारुण्यात तंत्रसाधना, पुढे समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपात बारा वर्षे अध्ययन आणि त्यानंतर बिहारातील विक्रमशिला महाविहाराचे आचार्यपद, अशी त्यांची वाटचाल होती.

‘तंत्र’ म्हणताच सुशिक्षित घरांत आजही नाके मुरडली जातात. तिबेटातही तेव्हा तंत्राच्या नावाखाली स्वैराचार माजला होता. म्हणूनच तेथील राजकुळाने अतिशांना निमंत्रण धाडले. त्यांनी तंत्राचा धिक्कार केला नाही. त्याला शीलाचा पाया दिला. गुगेच्या थोलिंग विहारात लिहिलेल्या ‘बोधिपथप्रदीप’ या छोट्या ग्रंथात त्यांनी आधी शरणागती, शील व करुणा आणि शेवटी तंत्र असा क्रम लावला. ब्रह्मचारी भिक्षूंना काही तांत्रिक अभिषेक स्पष्टपणे वर्ज्य ठरवले. तिबेटी साधनाक्रमाची ही परंपरा आजही त्या ग्रंथाला आपले मूळ मानते.

१०५४ मध्ये ल्हासानजीक न्येथांग येथे अतिशांनी देह ठेवला. पुढे तुर्की आक्रमणात विक्रमशिला उद्ध्वस्त झाली. भागलपूरजवळ अंतिचक येथे तिचे भग्नावशेष उरले आहेत. ‘बोधिपथप्रदीपा’चे मूळ संस्कृतही लुप्त झाले; तो टिकला तिबेटी अनुवादात. असे किती भारतीय ग्रंथ आज केवळ तिबेटी भाषेतच श्वास घेत आहेत!

हे धन परत आणता येते, याचे दाखलेही आहेत. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात जाऊन संस्कृत पोथ्यांचा शोध घेतला. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांवरून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील वा. वि. गोखले यांनी ‘अभिधर्मकोशा’च्या कारिका संपादित करून १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९६७ मध्ये स्थापन झालेली सारनाथची तिबेटी अध्ययन संस्था लुप्त ग्रंथांचे संस्कृतात पुनरुद्धार करीत आहे.

वारशाचा अभिमान मिरवणे सोपे; त्याची भाषा शिकणे कष्टाचे. संस्कृत व पालीच्या अभ्यासकांनी तिबेटीही आत्मसात करावी, पालकांनी अशा विद्याव्यासंगाला पाठबळ द्यावे. अतिशांच्या अस्थी १९७८ मध्ये ढाक्यास परत आल्या. ग्रंथांचे घरी परतणे मात्र वाचणाऱ्यांवाचून होत नाही.