दुसऱ्याच्या सायकलवरचा विजेता
अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकमधला धावपटू स्पिरिदोन लुईस साऱ्यांना ठाऊक असतो. अरिस्तिदिस कोन्स्तान्तिनिदिस मात्र प्रश्नमंजुषेतही येत नाही. लुईस १० एप्रिलला मॅरेथॉन गावाहून अथेन्सपर्यंत धावला. दोनच दिवसांनी हा ग्रीक सायकलपटू अथेन्सहून मॅरेथॉनला गेला, तिथे नोंदवहीत सही केली आणि उलट फिरला. एकूण ८७ किलोमीटर, तेही त्या काळच्या धुळीच्या, खडबडीत रस्त्यावरून! परतताना त्याची सायकलच मोडली. गड्याने दुसऱ्याची मागून घेतली आणि पुन्हा टांग मारली. तोवर ब्रिटिश वकिलातीत नोकर असलेला एडवर्ड बॅटेल पुढे सटकला होता. त्याला गाठलं, मागे टाकलं. तर अथेन्स जवळ आल्यावर स्वारी आपटली. तरीही निओ फालिरोच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानावर, तो ३ तास २२ मिनिटं ३१ सेकंदांत पोहोचला. जर्मनीचा फॉन ग्योड्रिख त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटांनी आला, बॅटेल तिसरा. पहिल्याला तेव्हा सोन्याचं नव्हे, चांदीचं पदक मिळे. तिसऱ्याच्या हाती काहीच नाही. आज शर्यतीत संघाची गाडी टपावर राखीव सायकली लादून पाठीशी असते. तेव्हा ती मदत कुणा दुसऱ्याच्या सायकलीची होती. म्हणून एकट्याच्या पराक्रमाचे पोवाडे गाताना जरा बेताने घ्यावं. कोन्स्तान्तिनिदिसच्या पायांत दम होताच. पण ऐनवेळी कुणी सायकल दिली नसती, तर त्या दमाला कोण विचारतं? पदकांच्या यादीत अशा देणाऱ्यांसाठी रकाना नसतो, एवढंच.