चिक चॉकलेट कोण, माहितेय?

शनिवारची संध्याकाळ. तारकर्लीच्या बाजूचं एक रिसॉर्ट, समोर समुद्र आणि ऑर्डर देऊन पाऊण तास झाला तरी न आलेला बांगडा. कोपऱ्यात चार जणांचा बँड. कीबोर्ड, बास गिटार, ड्रम्स आणि सगळ्यांच्या पुढे ट्रम्पेट घेतलेले साठीचे एक काका. जॅझवाले अशा छोट्या संचाला कॉम्बो म्हणतात. बाहेरच्या फळ्यावर सुरमई थाळीचा भाव ठळक अक्षरांत होता. खाली बारीक अक्षरांत 'लाइव्ह म्युझिक'. कोणाचं, ते नाही.

ऐकत कोणीच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मोबाइलला रेंज शोधत होते. मग काकांनी मध्येच 'शोला जो भडके' सुरू केलं. पण नेहमीसारखं धडाक्यात नाही. लय निम्म्यावर आणलेली, सूर थोडे मागे रेंगाळणारे. ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट लावलेला, त्यामुळे आवाज असा, की लांबून कोणीतरी नाकात गातंय. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी बसल्या बसल्या भगवानदादांची ती फेमस स्टेप केली आणि अख्खं रेस्टॉरंट वळून बघायला लागलं.

'अलबेला' म्हटलं की आपल्याला दोन नावं आठवतात. भगवानदादा पालव (पालव म्हणजे आमच्याकडे घरोघरी सापडणारं आडनाव, त्यामुळे कॉलर उगाच टाइट) आणि संगीतकार सी. रामचंद्र. १९५१ च्या या पिक्चरशी जोडलेलं तिसरं नाव विचारा, सगळे गप्प. ते नाव चिक चॉकलेट. 'अलबेला'तल्या एका गाण्यात तो पडद्यावर दिसतोसुद्धा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला बँड आणि त्यात ट्रम्पेट घेतलेला चिक. यूट्यूबवर शोधा, सापडेल.

खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बार्देसमधलं हळदोणे. म्हणजे बांद्याला चहा घ्यायचा, पत्रादेवीची हद्द ओलांडायची, म्हापसा गाठायचं, की आलंच. आई लाडाने 'चिको' म्हणायची, त्याचं चिक झालं असं सांगतात. चाळिशीच्या दशकात मुंबईत त्याचं नाव गाजत होतं. १९४५ मध्ये त्याच्या अकरा जणांच्या 'चिक अँड द म्युझिक मेकर्स'ने ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलचं काम बाकीच्या बँड्सना मागे टाकून मिळवलं. आदर्श एकच, लुई आर्मस्ट्राँग. तसाच वाजवायचा, तसाच पांढरा रुमाल हातात. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

मला एक प्रश्न कायम छळतो. तेरेखोलच्या पलीकडे ट्रम्पेटवाले निघाले, अलीकडे का नाही? मासे तेच, नारळ तोच, भाषासुद्धा जवळपास तीच. उत्तर चर्चच्या शाळेत आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या गावागावांत चर्चची शाळा असायची आणि तिथे मुलांना अक्षरांबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. गावचा मास्तर, म्हणजे मेस्त, व्हायोलिन घेऊन बसवायचा. पोरं कागद बघून वाजवायला शिकली. आमच्या बाजूला भजन होतं, पखवाज होता, दशावतार होता, सगळं कानावर आणि तोंडावर. गंमत म्हणजे जॅझला नेमकं तेही लागतं! दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या रचायचे. कॉम्बोचाही फंडा तोच. सुरुवातीला सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण त्या चालीच्या सांगाड्यावर आपलं नवं रचतो, शेवटी पुन्हा चाल. गोव्याच्या पोरांना कागद वाचता येत होता. कागद सोडून कसं वाजवायचं, ते त्यांना दाखवलं १९३५ पासून ताजमध्ये वाजवायला आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांनी.

गोव्यात काम नव्हतं म्हणून ते मुंबईला आले. मालवण-वेंगुर्ल्याचे चाकरमानी आले तेही त्याच कारणाने. कित्येकदा तर एकाच बोटीने, कारण पणजीची बोट वाटेत आमची बंदरं घेत जायची. डेकवर एकाच्या मांडीवर ट्रम्पेटची पेटी, दुसऱ्याच्या मांडीवर फणस, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मुंबईत पोचल्यावर त्यांची गावाच्या नावाची कूड, आपली गाववाल्यांची खोली. एक संध्याकाळी काळा सूट चढवून ग्रीन्समध्ये, दुसरा सकाळी डबा घेऊन गिरणीत.

मग १९४७ आलं. नाचायला येणारे गोरे साहेब गेले. पाठोपाठ मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या रात्री सुकल्या. पोट कुठे भरायचं? फिल्म स्टुडिओत. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती कागदावर उतरवायची, ट्रम्पेट कुठे घुसणार, व्हायोलिनं कधी उचलणार हे लिहायचं, प्रत्येकाच्या स्टँडवर ज्याचा त्याचा कागद ठेवायचा, हे अरेंजरचं काम. त्या काळात ते बरंचसं गोवेकरांच्या हातात होतं. चिकने सी. रामचंद्रांबरोबर काम केलं. रात्री हॉटेल, दिवसा रेकॉर्डिंग. टायटल्समध्ये असल्या लोकांची नावं आली तर आली, नाहीतर पाकीट घ्या आणि निघा. १९६७ मध्ये तो गेला, तेव्हा जेमतेम पन्नाशीचा होता.

मला यात सी. रामचंद्रांचं श्रेय कमी करायचं नाही. चाल त्यांचीच. पण आपल्या हळदीत, वरातीत, गणपतीत ज्या आवाजावर तीन पिढ्या नाचल्या, तो आवाज घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला येऊ नये? आणि हे कळायला मला मास कॉमची डिग्री घेऊन इतकी वर्षं लागावीत? टोटल लाज.

ब्रेकमध्ये काकांकडे गेले. चहा पीत होते. "काका, तुमी खंयचे?" विचारलं. "बार्देसचो," म्हणाले आणि हसले. मालवणी आणि कोकणीत आमचं मस्त जमलं. चिक चॉकलेटचं नाव काढल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. त्यांचे वडीलही ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईत, हॉटेलात. रेकॉर्डिंगलाही जायचे. कुठल्या गाण्यांत? काकांनी मान हलवली. घरी येऊन ते कधी सांगायचेच नाहीत, त्यामुळे आता रेडिओवर जुनं काही लागलं आणि मागे ट्रम्पेट आला, की काका आवाज मोठा करतात.

तुमच्यावर लिहू का, विचारलं. लिही म्हणाले, पण नाव नको. इथे ते कितीला वाजवतात हे पलीकडच्या हॉटेलवाल्याला कळलं, तर तो आणखी पाडून मागेल.

मग रुमालाने तोंड पुसून ते उठले. माझा बांगडा तोवर आला होता. काकांनी विचारलं, काय वाजवू? मी म्हटलं, तुम्हाला हवं ते.